जमीन कुणाची, भाव कुणाचा, देश कुणाचा

येरमाळा महाराष्ट्राला ठाऊक आहे ते येडेश्वरीमुळे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी आमराईत येते, भाविक रानात चुनखडीचे खडे वेचतात आणि कळंब तालुक्यातले हे गाव काही दिवस माणसांनी फुलून जाते. आधुनिक राजकीय विचारसरण्यांची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाने या गावापासून सुरुवात करावी, हे काही वाचकांना खटकेल. उदारमतवाद म्हटले की लंडन, साम्यवाद म्हटले की पेट्रोग्राड आणि फारच जवळ यायचे झाले तर मुंबईचे गिरणगाव, अशी ठिकाणे मनात पक्की बसलेली असतात.

तरीही एकदा नकाशा उघडून पाहावा. येरमाळ्याच्या पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर बार्शी आहे. स्वातंत्र्यापूर्वी बार्शी मुंबई प्रांतात होती आणि येरमाळा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मधल्या शिवारात कुठेतरी एक राज्य संपायचे आणि दुसरे सुरू व्हायचे. ढोकीच्या बाजूला कसबे तडवळे आहे. तिथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी आले होते. लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, होते. रझाकारांचा नेता कासीम रझवी तिथेच वकिली करत असे. नळदुर्ग भारतीय सैन्याने १३ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या पोलीस कारवाईच्या पहिल्याच दिवशी, ताब्यात घेतले. लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी मुले घडवली. उदारमतवाद, समाजवाद, साम्यवाद, राष्ट्रवाद, धर्माधिष्ठित राजकारण, आंबेडकरी विचार हे सगळे प्रवाह या एवढ्याशा टापूत एकमेकांवर आदळले आणि त्यांच्या खुणा इथल्या सातबाऱ्यांवर, मस्टरवर, मतदार याद्यांवर राहिल्या.

या पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे की विचारसरणी झेंड्याच्या रंगावरून ओळखू नये. तिला तीन प्रश्न विचारावेत. जमीन कुणाची? मालाचा आणि घामाचा भाव कोण ठरवणार? आणि हा देश कुणाचा, म्हणजे त्यात कोण पंक्तीला बसणार आणि कोण बाहेर उभा राहणार? प्रत्येक विचारसरणीने या प्रश्नांना आपापली उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांमागे माणूस कसा आहे, समाज कशामुळे टिकतो आणि सत्ता किती असावी याबद्दल एक ठाम धारणा असते. ती धारणा समजली की पक्षांची नावे बदलली, चिन्हे बदलली, पुढारी इकडून तिकडे गेले, तरी वाचक चकत नाही.

उदारमतवादापासून सुरुवात करायची ती काळाच्या क्रमामुळे. जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडले की माणसाचे जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क राजाच्या मेहेरबानीने मिळत नाहीत. सरकार असते ते त्यांच्या रक्षणासाठी. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये पुढचा टप्पा गाठला: एकट्या माणसाचे मत साऱ्या समाजाला चुकीचे वाटले, तरी त्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार समाजाला नाही. मराठीत हा विचार गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’मधून रोखठोकपणे आणला आणि त्यासाठी मित्र, नोकरी, लोकप्रियता असे सगळे पणाला लावले.

येरमाळ्याकडच्या माणसाला हा विचार पुस्तकातून शिकावा लागला नाही. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ नावाचे फर्मान होते. कुठलीही सभा घ्यायची तर आधी सरकारी परवानगी हवी, आणि ती बहुधा मिळत नसे. त्यामुळे मराठवाड्यातले राजकारण वाचनालयांत, व्यायामशाळांत, गणेशोत्सवांत आणि खासगी शाळांत शिरले. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले तेही भाषेचे आणि शिक्षणाचे प्रश्न पुढे ठेवून. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे तर असे झाले, की संघटना रीतसर उभी राहण्याआधीच सप्टेंबर १९३८ मध्ये तिच्यावर बंदी आली. पलीकडे बार्शीत इंग्रजांचे राज्य होते, तेही परकेच. पण तिथे वृत्तपत्र निघत होते, सभा भरत होती, १९३७ ची निवडणूक झाली होती. सीमेच्या अल्याड-पल्याड राहणाऱ्या माणसाला अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य म्हणजे काय हे मैलांत मोजता येत होते. संविधानाच्या एकोणिसाव्या कलमातली भाषणाची, सभेची, संघटनेची स्वातंत्र्ये वाचताना हा इतिहास ध्यानात ठेवला, तर ती कलमे शहरी बुद्धिवंतांची चैन वाटणार नाहीत.

उदारमतवादाचे दुसरे अंग आर्थिक आहे आणि तिथे तो दुभंगतो. त्याकडे शेतमालाच्या भावाच्या निमित्ताने पुढे वळावे लागेल.

पुराणमतवाद हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. तो विचार म्हणून तरी समजून घ्यायला हवा. एडमंड बर्कने फ्रेंच राज्यक्रांतीनंतर लगेच, १७९० मध्ये, इशारा दिला की समाज हा एका पिढीने कागदावर आखून उभारायचा प्रकार नाही. गेलेल्या, असलेल्या आणि येणाऱ्या पिढ्यांचा तो करार आहे. येडेश्वरीच्या यात्रेकडे पाहिले तर या म्हणण्यातले बळ दिसते. कोणत्या घराण्याचा कोणता मान, पालखी कोणत्या वाटेने जाणार, कुणी काय आणायचे, हे कोणत्याही सरकारी आदेशाने ठरलेले नाही. तरी ते वर्षानुवर्षे चालते आणि हजारो माणसांना एकत्र बांधते. असे धागे एकदा तुटले की कायद्याने पुन्हा जोडता येत नाहीत, हे पुराणमतवाद्याचे म्हणणे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला लोकमान्य टिळकांनी विरोध केला, त्यामागे परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये हा युक्तिवाद होता. त्या वादात बळी जाणाऱ्या मुलींच्या बाजूने आगरकर उभे राहिले, आणि त्या एका प्रश्नापुरते तरी या पुस्तकाचे माप आगरकरांच्या बाजूला झुकते, हे लपवण्याचे कारण नाही.

कारण परंपरा सगळ्यांना सारखी बांधत नाही. काहींना ती मान देते, काहींच्या गळ्यात दोर घालते. कसबे तडवळ्याची परिषद याच दोराविषयी होती. वतन म्हणजे गावाची ठरलेली कामे पिढ्यान्‌पिढ्या करण्याच्या बदल्यात मिळालेला जमिनीचा तुकडा आणि बलुते. वतनदार हा शब्द पाटील-देशमुखांच्या तोंडी मोठेपणाचा. महाराच्या वाट्याला आला तेव्हा त्याचा अर्थ असा, की हाक आली की रात्री-अपरात्री धावायचे, सांगावा घेऊन कोसभर जायचे, मेलेले जनावर ओढायचे, आणि त्याबद्दल मजुरी मागायची सोय नाही. बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ मध्येच वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले होते. वतनाचा लोभ सोडल्याशिवाय माणसाची गुलामी सुटणार नाही, ही त्यांची भूमिका. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये.

आंबेडकरी विचाराला स्वतंत्र प्रकरण का, असे विचारले जाईल. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत त्याला जागा नसते. त्याचे तुकडे करून कुणी बाबासाहेबांना उदारमतवादी ठरवतो, कुणी समाजवादी. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ मध्ये कोकणातली खोती ही जमीनदारीची पद्धत रद्द करण्याचे विधेयक आणले. १९३८ च्या नोव्हेंबरात औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती हा सरकारी उद्योग असावा असे त्यांनी सुचवले. आणि हाच माणूस व्यक्तीचे मूलभूत हक्क, न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार आणि घटनात्मक मार्ग यांचा कट्टर कैवारी होता. हा गोंधळ नाही. त्यांच्या दृष्टीने जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी होती. एकट्या मतपेटीने ती मोडत नाही आणि एकट्या कारखान्याच्या मालकीनेही मोडत नाही. म्हणून स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता त्यांना अपरिहार्य वाटली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी दाखवलेला विसंवाद, राजकारणात एक माणूस एक मत आणि एका मताला एक मूल्य, समाजात मात्र एक माणूस एक मूल्य नाही, तो मराठवाड्याने पुढे फार जवळून पाहिला. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला, आणि त्यानंतर गावोगावी दलित वस्त्या जळल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

समतेचा हा प्रश्न आज वेगळ्या रूपात उभा आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर २०२३ पासून सरकारी अधिकारी निजामकाळातल्या उर्दू, मोडी दप्तरांत कुणबी नोंदी शोधू लागले आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. ओबीसी समाजांनी त्याला हरकत घेतली आहे. न्याय माणसाला एकेकटे पाहून द्यायचा की समूह म्हणून, आणि समूह म्हणून द्यायचा तर मागासलेपण कशाने मोजायचे, या प्रश्नावर उदारमतवादी आणि सामाजिक न्यायवादी यांच्यात खरा मतभेद आहे. कळंबच्या तहसील कार्यालयातल्या प्रमाणपत्रांच्या रांगेत तोच मतभेद उभा असतो.

आता जमिनीकडे.

हैदराबाद संस्थानात जहागिरी होत्या, निजामाची खासगी ‘सर्फ-ए-खास’ जमीन होती, देशमुख-देशपांड्यांचे मोठे वाडे होते आणि त्यांच्या खाली कुळे. तेलंगणात वेठबिगारीविरुद्ध कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली १९४६ ते १९५१ शेतकऱ्यांनी हत्यारे उचलली, जमीनदारांची राने वाटून घेतली. मार्क्सचा सिद्धांत असा की इतिहासाला वर्गसंघर्ष पुढे नेतो, आणि उत्पादनाची साधने ज्यांच्या हाती त्यांच्याच बाजूने कायदा बोलतो. हा सिद्धांत तिथल्या शेतमजुराला एका वाक्यात पटत असे, कारण पोलीस पाटलापासून मुन्सफापर्यंत सगळे एकाच वाड्यात जेवायला जात. त्याच तेलंगणात, पोचमपल्ली गावी, एप्रिल १९५१ मध्ये विनोबा भाव्यांना शंभर एकर जमीन दान मिळाली आणि भूदान सुरू झाले. जमीन हिसकावून घेणारा आणि जमीन मागून घेणारा असे दोन मार्ग एकाच मुलखात, जवळजवळ एकाच वेळी समोरासमोर आले. गांधींच्या विचारांतले विश्वस्ताचे तत्त्व आणि मार्क्सचा वर्गसंघर्ष यांतला फरक याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण जगात क्वचित सापडेल. भूदानात मिळालेल्या जमिनींपैकी बऱ्याच नापीक निघाल्या किंवा कागदावरच राहिल्या, हेही पुढच्या प्रकरणात आले आहे.

आपल्या बाजूला साम्यवादापेक्षा जोर धरला तो शेतकरी कामगार पक्षाने, म्हणजे शेकापने. १९४८ मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखे बहुजन समाजातले नेते काँग्रेसमधून बाहेर पडले आणि १९५० मध्ये मालेगावजवळच्या दाभाडीत पक्षाने मार्क्सवादाची दिशा स्वीकारणारा प्रबंध मंजूर केला. धाराशिवला या पक्षाचा चेहरा म्हणजे भाई उद्धवराव पाटील. १९५२ मध्ये ते हैदराबादच्या विधानसभेत निवडून गेले आणि १९७७ मध्ये लातूरमधून लोकसभेत. शेकापच्या कार्यकर्त्याला ‘भाई’ म्हणायचे, मग तो पुढारी असो की सालगडी. या साध्या संबोधनात पक्षाचा अर्धा जाहीरनामा होता. पण पक्षाची खरी अडचणही इथेच होती. मार्क्सच्या मांडणीत क्रांती करणारा वर्ग हा मालमत्ता नसलेला कामगार. शेकापचा कणा होता तो पाच-पंचवीस एकरांचा धनी असलेला शेतकरी. त्याला सावकार नको होता, वाडा नको होता, पण स्वतःच्या बांधावर त्याचा जीव होता. १९५४ पर्यंत जेधे काँग्रेसमध्ये परतले, पुढे अनेक जण गेले.

तरी कायदे झाले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० च्या हैदराबाद कूळ व शेतजमीन कायद्याने संरक्षित कुळाला जमिनीवर हक्क दिला. १९६१ मध्ये महाराष्ट्राने कमाल जमीनधारणेचा, म्हणजे सीलिंगचा, कायदा केला. हे लोकशाही समाजवादाचे काम: क्रांतीशिवाय, मतांच्या बळावर, कायद्याने मालकीची वाटणी बदलणे. त्या विचाराचा एक पाळणा महाराष्ट्रातच हलला, नाशिकच्या तुरुंगात. १९३२-३३ मध्ये जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी तिथे बंदिवान होते, आणि १९३४ मध्ये निघालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची बोलणी तिथल्या कोठड्यांत झाली. यांतले मसानी पुढे समाजवाद सोडून १९५९ च्या स्वतंत्र पक्षाचे नेते झाले. एका तुरुंगातून दोन विरुद्ध विचार बाहेर पडले, ही गोष्ट विचारसरणीला जन्मपत्रिका समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

समाजवादाने महाराष्ट्राला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट कदाचित कारखान्यात नाही, खडी फोडण्याच्या कामावर सापडेल. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी मराठवाड्यात अजून घरोघर सांगितल्या जातात: सुकडी, रस्त्याची कामे, पाझर तलाव, चाऱ्याअभावी विकलेली जनावरे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिलेला प्रयोग या दुष्काळात राज्यभर पसरला, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम, काम दिले नाही तर बेकारभत्ता. दुष्काळातली मदत ही मायबाप सरकारची कृपा असते, ही समजूत या कायद्याने मोडली. काम हा हक्क झाला. त्यासाठी शहरांतल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, म्हणजे मुंबईतल्या पगारातून मराठवाड्यातल्या मस्टरवरची मजुरी निघाली. देशाने २००५ मध्ये जो रोजगार हमी कायदा केला, त्याची मुळे इथे आहेत.

सहकाराचे प्रकरण वाचताना वाचकाने ढोकीचा तेरणा साखर कारखाना डोळ्यांसमोर ठेवावा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी घातलेला पायंडा मराठवाड्यात आला तो अशा कारखान्यांतून. भांडवल शेतकऱ्यांचे, एका सभासदाला एक मत, नफा सगळ्यांचा: भांडवलशाही आणि सरकारी मालकी यांच्या मधली ही वाट होती. ती काही दशके चालली, तिने शाळा-महाविद्यालये उभी केली आणि पुढारी घडवले. मग तेरणा कारखाना कर्जात बुडून बराच काळ बंद पडला. तत्त्व चुकले की चालवणारे, याचे उत्तर इथे घाईने देणे योग्य होणार नाही. एक मात्र दिसते: सभासदाचे मत आणि आमदारकीचे मत एकाच हाताने गोळा होऊ लागले, तेव्हा कारखान्याचा हिशेब मागणारा कुणी उरला नाही.

इथे उदारमतवादाची दुसरी शाखा पुन्हा प्रवेश करते. १९८० च्या सुमारास चाकणच्या कांदा आंदोलनातून शरद जोशी पुढे आले. शेतकरी गरीब आहे तो आळशी किंवा अडाणी असल्यामुळे नाही. सरकार निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी लावून त्याच्या मालाचा भाव पाडते म्हणून, हे त्यांनी आकडे मांडून सांगितले. त्यांच्या शेतकरी संघटनेच्या सभांना लाखाने माणसे येत. सूट-सबसिडी नको, घामाचे दाम हवे, ही मागणी ऐकणाऱ्याला समाजवादी वाटे, पण तिच्या मुळाशी खुल्या बाजाराचा विचार होता. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हा तो उघड झाला.

आज कळंबच्या बाजारात सोयाबीनची पोती येतात तेव्हा हा वाद प्रत्येक पट्टीवर छापलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामात केंद्राने हमीभाव ठरवला क्विंटलला ५,३२८ रुपये. बाजारात त्याखाली सौदे झाले की एक जण म्हणतो सरकारने खरेदी केंद्रे वाढवावीत, हमीभावाला कायद्याची ताकद द्यावी; ही समाजवादी दिशा. दुसरा म्हणतो तेल आणि पेंडीच्या आयात-निर्यातीत सरकार ढवळाढवळ करते म्हणून भाव पडतो, सरकारने हात काढावा. ही उदारमतवादी दिशा. तिसरा म्हणतो परदेशी तेलाला दारात उभे करू नका, देशाचे तेल देशात पिकवा; हा आर्थिक राष्ट्रवाद. तिघेही एकाच ट्रॅक्टरवरून आलेले असू शकतात, आणि बऱ्याचदा एकच माणूस तिन्ही वाक्ये एका दमात बोलतो. त्याला हसू नये. त्याच्या पिकावर तिन्ही धोरणे एकाच वेळी लादलेली असतात.

सीलिंगच्या कायद्याकडेही असेच पाहता येते. १९६१ मध्ये तो न्यायाचा कायदा होता. जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेले अंबाजोगाईचे अमर हबीब शेतकरी संघटनेत गेले आणि नंतर किसानपुत्र आंदोलनातून सीलिंग, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे शेतकऱ्याच्या गळ्यातला फास आहेत, ते रद्द करा, अशी मागणी करू लागले. उद्योगपतीला कितीही कारखाने काढता येतात, मग शेतकऱ्यालाच मर्यादा का, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे. ज्यांच्या नावावर कधीच गुंठाभर जमीन नव्हती त्यांचे काय, हा समोरचा प्रश्नही तितकाच बिनतोड आहे. दोन्ही प्रश्न एकाच वेळी मनात धरता येणे, ही या पुस्तकाची वाचकाकडून अपेक्षा आहे.

राष्ट्रवादाचे प्रकरण सर्वांत लांब झाले, आणि ते लिहायला सर्वांत अवघडही. १९३८ मध्ये निजामाविरुद्ध एकाच वेळी तीन सत्याग्रह चालू झाले: स्टेट काँग्रेसचा, आर्य समाजाचा आणि हिंदू महासभेचा. तुरुंग तेच, लाठ्या त्याच. पण स्टेट काँग्रेसला हवे होते जबाबदार राज्यपद्धतीचे संस्थान, ज्यात मुसलमान शेतकरीही नागरिक असेल. बाकीच्या दोन चळवळी हिंदूंच्या धार्मिक हक्कांसाठी उभ्या होत्या. गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणून त्या वर्षाच्या डिसेंबरात गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह थांबवला. नागरिकत्वावर उभा असलेला राष्ट्रवाद आणि धर्म-संस्कृतीवर उभा असलेला राष्ट्रवाद यांतली रेघ त्या एका निर्णयात दिसते. दुसऱ्या प्रकाराची सैद्धांतिक मांडणी वि. दा. सावरकरांच्या १९२३ च्या ‘हिंदुत्व’ ग्रंथात आहे: ज्याची पितृभू आणि पुण्यभू दोन्ही भारत, तो हिंदू. १९२५ मध्ये नागपुरात निघालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने हा विचार शाखेच्या शिस्तीत आणला, आणि १९६५ मध्ये मुंबईतल्या व्याख्यानांत दीनदयाळ उपाध्यायांनी भांडवलशाही आणि साम्यवाद दोन्ही नाकारणारे एकात्म मानवदर्शन मांडले. हा विचार सांगणारे त्यात समाजाची एकजूट, आत्मसन्मान आणि भोगवादाला उत्तर पाहतात. त्यावर टीका करणारे विचारतात, की पुण्यभू दुसरीकडे असलेल्या शेजाऱ्याची जागा नेमकी कुठे?

तिकडे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने सांगितले होते की संस्थानातला प्रत्येक मुसलमान राज्याचा मालक आहे. गरीब मुसलमान विणकराच्या हाती त्यातून काही आले नाही, पण तिच्या रझाकार स्वयंसेवकांच्या हाती बंदुका आल्या. १९४७-४८ मध्ये त्यांनी या जिल्ह्यातली गावे लुटली, जाळली. सीमेवरच्या कॅम्पांतून स्वातंत्र्यसैनिकांनी त्यांना तोंड दिले. मुक्तीनंतर जे घडले तेही सांगितले पाहिजे. नेहरू सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने, पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर सूड म्हणून मुसलमानांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्याचे नोंदवले. समितीचा अंदाज संस्थानभर २७ ते ४० हजारांचा होता, आणि सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. मुक्तिदिनी, १७ सप्टेंबरला, ध्वज फडकतो तेव्हा हौतात्म्य पत्करलेल्यांचे स्मरण होते, ते झालेच पाहिजे. या मृतांचेही व्हावे.

स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्र या सगळ्याच्या मध्ये उभे आहे. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर कामगारनेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम करत होते; मग हिप्परग्यात शिक्षक झाले, १९३२ मध्ये संन्यास घेतला, आणि भगव्या वस्त्रांतच स्टेट काँग्रेसच्या डाव्या गटाचे नेतृत्व केले. जहागीरदारीविरुद्ध ते बोलले, भाषिक राज्यांसाठी बोलले, धर्माच्या नावावर मते मात्र मागितली नाहीत. त्यांच्या वेशावरून त्यांची विचारसरणी ओळखायला जाणारा हमखास चुकला असता.

स्त्रीवादाला शेवटच्या भागात जागा मिळाली आहे, पण त्याने आधीच्या प्रत्येक प्रकरणाला प्रश्न विचारले आहेत. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली तेव्हा सुधारक आणि सनातनी दोघेही त्यांच्या माऱ्यातून सुटले नाहीत. जमीन कुणाची या प्रश्नाला सगळ्या विचारसरण्यांनी दिलेली उत्तरे तपासली तर कुळाच्या, मालकाच्या, सभासदाच्या रकान्यात बहुतेक पुरुषाचेच नाव सापडते. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: नवऱ्याने जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावावर करावा. ज्या गावांनी ते केले, तिथे तलाठ्याच्या दप्तरात फेरफार झाला. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या चळवळीतून मालमत्तेच्या हक्काचा स्त्रीवादी अर्थ पुढे आला. डाव्या-उजव्याच्या सरळ रेषेवर तो कुठेच बसत नाही.

पर्यावरणवादाचे प्रकरण सर्वांत छोटे आहे, कारण त्याच्या इथल्या कसोटीला आत्ता कुठे सुरुवात होते आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात वाशी, भूमच्या बाजूने पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. कोळशाची वीज कमी व्हावी ही पर्यावरणवाद्यांची जुनी मागणी, आणि वारा तर दुष्काळी डोंगरावर फुकट वाहतो. पण टॉवरसाठी जमीन कोणत्या दराने दिली, मनोरे आणि तारा शेतातून नेताना कुणाची संमती घेतली, गायरानावर आणि पाणंदीवर कुणाचा हक्क, यावरून शेतकरी आणि कंपन्यांचे तंटे तहसीलदारांपर्यंत आणि पोलीस ठाण्यांपर्यंत गेले आहेत. करार हा दोघांमधला व्यवहार आहे, त्यात तिसऱ्याने पडू नये, असे एक मत. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय डोंगराला हात लावू नये, असे दुसरे. वीज राष्ट्राची गरज आहे, थोडी झीज सोसावी, असे तिसरे. विजेच्या उत्पन्नात गावाची कायमची भागीदारी असावी, ही चौथी मागणी अजून कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे आलेली नाही. ती काही ग्रामसभांच्या बैठकांत बोलली जाऊ लागली आहे.